अंडी उबवणीचे शेवटचे तीन दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परसातल्या कोंबड्यांसाठी पन्नास-शंभर अंड्यांचे छोटे इनक्युबेटर घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि त्यांचे बहुतेक प्रश्न अठराव्या दिवसानंतरचे असतात. पुढील उत्तरे फक्त कोंबडीच्या अंड्यांपुरती आहेत. बदकाच्या अंड्यांना सुमारे २८ आणि लाव्याच्या अंड्यांना १७ ते १८ दिवस लागत असल्याने त्यांचे वेळापत्रक वेगळे ठेवावे लागते.

शेवटचे दिवस नेमके कधी सुरू होतात? दिवस कसे मोजायचे?

अंडी यंत्रात ठेवली तो दिवस शून्य धरावा आणि पुढचे २४ तास पूर्ण झाले की पहिला दिवस संपला असे मानावे. सोमवारी संध्याकाळी अंडी ठेवली असतील, तर १८ दिवस शुक्रवारी संध्याकाळी पूर्ण होतात आणि २१ दिवस त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी. ठेवण्याचा वार आणि पिल्ले निघण्याचा वार एकच येतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. ठेवल्याचा दिवस ‘पहिला’ मोजणाऱ्यांचा हिशेब एक दिवसाने पुढे जातो, मग विसाव्या दिवशीच त्यांना ‘एकविसावा उलटला, काहीच हालचाल नाही’ अशी काळजी वाटू लागते. म्हणून यंत्रावर कागद चिकटवून तारीख आणि वेळ दोन्ही लिहावीत.

अठराव्या दिवशी कोणकोणती कामे करायची?

शेवटच्या तीन दिवसांची सगळी कामे अठराव्या दिवसाच्या एका तासात उरकावीत, कारण त्यानंतर पिल्ले निघेपर्यंत झाकण उघडायचे नसते. अंडी फिरवणारी मोटर बंद करून तिचा ट्रे काढावा, प्रत्येक अंडे प्रकाशासमोर धरून तपासावे आणि निर्जीव अंडी बाजूला करावीत. तळाशी खरखरीत अंथरूण घालून त्यावर अंडी आडवी मांडावीत, पाण्याची भांडी भरावीत, तापमापक अंड्यांच्या उंचीवर ठेवावा आणि हवेची भोके मोकळी असल्याची खात्री करून मगच झाकण लावावे. हे करताना अंडी दहा-पंधरा मिनिटे बाहेर राहिली तरी काही बिघडत नाही. कोंबडीसुद्धा दाणापाण्यासाठी तेवढा वेळ उठतेच.

अंथरुणासाठी वर्तमानपत्र वापरू नये. ओल्या पिल्लाचा पाय गुळगुळीत कागदावर घसरतो आणि दोन्ही पाय बाजूला फाकण्याचा दोष पहिल्या काही तासांतच निर्माण होतो. रबरी जाळीदार चटई किंवा धुऊन वाळवलेले गोणपाट चांगले, मात्र गोणपाटाच्या कडेचे सुटे धागे आधी कापून टाकावेत. ते नखांत आणि पायांत गुंततात, आणि पहाटे तीन वाजता तो गुंता सोडवण्याचा अनुभव कोणालाही दुसऱ्यांदा नको असतो.

प्रकाशासमोर धरल्यावर जिवंत अंडे कसे दिसते?

अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद टोकाला टॉर्च लावावा. जिवंत अंड्यात रुंद टोकाकडील हवेचा कप्पा स्वच्छ उजळलेला दिसतो आणि उरलेले सगळे अंडे जवळजवळ काळे असते, कारण आत पिल्लू भरलेले असते. कप्प्याच्या कडेला रक्तवाहिन्या दिसतात आणि कधीकधी ती कडच किंचित हलते. याउलट संपूर्ण अंडे पिवळसर उजळले तर ते फळलेलेच नव्हते. आत सुटा गढूळ द्रव हिंदकळत असेल किंवा रक्ताचे वर्तुळ दिसत असेल, तर गर्भ आधीच मेलेला आहे. दुर्गंधी येणारे किंवा कवचावर घामासारखे थेंब आलेले अंडे हलक्या हाताने उचलून थेट घराबाहेर न्यावे. असे अंडे यंत्रात फुटले तर बाकीच्या अंड्यांनाही संसर्ग होतो.

गडद कवचाच्या अंड्यांत खात्री होत नसेल, तर शंकेचा फायदा अंड्याला द्यावा आणि ते आत राहू द्यावे.

शेवटी अंडी फिरवणे का थांबवतात?

सुरुवातीच्या दिवसांत अंडे फिरवले नाही, तर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटण्याचा धोका असतो. अठराव्या दिवसापर्यंत तो धोका संपतो आणि पिल्लू बाहेर पडण्याच्या स्थितीत वळू लागते. त्या काळात अंडे उलटसुलट केल्याने फायदा काहीच होत नाही. अंडी आडवी ठेवणे सोयीचे. उभीच ठेवायची असतील तर रुंद टोक वर हवे.

तापमान किती ठेवावे?

पंख्याच्या यंत्रात पहिल्या अठरा दिवसांत ३७.५ अंश सेल्सिअस तापमान ठेवले जाते. शेवटच्या तीन दिवसांत ते ३७ ते ३७.२ अंशांपर्यंत उतरवावे, कारण या टप्प्यावर प्रत्येक पिल्लू स्वतःची उष्णता निर्माण करत असते आणि यंत्र गच्च भरलेले असेल तर अंड्यांचे खरे तापमान हवेपेक्षा जास्त असते. पंखा नसलेल्या यंत्रात वरची हवा गरम आणि खालची थंड असा फरक पडतो, म्हणून तेथे अंड्यांच्या वरच्या कडेच्या उंचीवर साधारण ३८.३ ते ३८.५ अंश हवेत.

थंडीपेक्षा उष्णता अधिक घातक असते. तापमान तासभर दोन-तीन अंशांनी उतरले तर पिल्ले थोडी उशिरा निघतात. तेच तेवढेच वर गेले तर शेवटच्या टप्प्यातील पिल्ले कवचातच मरू शकतात. यंत्रावरच्या आकड्यावर विसंबून न राहता अठराव्या दिवसाआधी तो एकदा तपासून घ्यावा. घरातील ताप मोजण्याचा थर्मामीटर ३७ ते ३८ अंशांच्या टप्प्यात पुरेसा अचूक असतो, त्यामुळे तुलनेसाठी तो उत्तम.

आर्द्रता किती हवी? पाणी किती घालायचे?

अठराव्या दिवसापर्यंत ५० ते ५५ टक्के आणि त्यानंतर ६५ ते ७० टक्के आर्द्रता ठेवावी. मात्र या आकड्यांमागचे कारण समजले नाही, तर दर ऋतूत वेगळा घोळ होतो.

पहिल्या अठरा दिवसांत अंड्यातील पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडून जायला हवे, म्हणजे हवेचा कप्पा पुरेसा मोठा होतो. या काळात अंड्याचे वजन साधारण ११ ते १३ टक्क्यांनी घटते. ४२ ग्रॅमचे देशी अंडे अठराव्या दिवशी ३७ ग्रॅमच्या आसपास आले, तर सगळे ठीक चालले आहे असे समजावे. शेवटच्या तीन दिवसांत गरज उलटी होते. पिल्लू कवच फोडू लागले की आतला पडदा बाहेरच्या हवेत उघडा पडतो. हवा कोरडी असेल तर तो पडदा वाळून चिवट होतो आणि पिल्लाला आवळून धरतो. म्हणून शेवटी ओलावा वाढवायचा.

आता प्रदेशाचा प्रश्न. पावसाळ्यात कोकणात खोलीतील हवा २७ अंशांची आणि ९० टक्के दमट असते. तीच हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली की पाणी न घालताही आर्द्रता सुमारे ५० टक्के भरते. तिथे पहिल्या अठरा दिवसांत भांडी भरून ठेवणारा माणूस अंडी जास्त ओली ठेवत असतो, आणि त्याची पिल्ले फुगलेली, चिकट, लहान हवेच्या कप्प्यात गुदमरलेली निघतात. विदर्भात मे महिन्यात ४२ अंशांच्या आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेने यंत्रात वीस टक्केही ओलावा मिळत नाही. आश्चर्य वाटेल, पण पुणे-नाशिककडील डिसेंबरच्या थंडीतही हीच गत होते, कारण गार हवा तापवली की ती कोरडीठाक पडते. म्हणून ‘एक वाटी पाणी’ किंवा ‘दोन वाट्या पाणी’ असे सल्ले एका गावातून दुसऱ्या गावात नेऊ नयेत.

ओलावा पाण्याच्या खोलीवर नव्हे, तर पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतो. भांडे खोल करून उपयोग नाही. पसरट भांडे ठेवावे किंवा त्यात स्पंजचे तुकडे उभे करावेत. पाणी कोमट असावे, आणि शक्यतो एक बारीक नळी झाकणाच्या भोकातून भांड्यात सोडून ठेवावी, म्हणजे झाकण न उघडता बाहेरून पाणी भरता येते. भांड्यावर जाळी हवी, कारण नुकतेच निघालेले पिल्लू बोटभर पाण्यातही बुडते.

माझा आर्द्रतामापक बरोबर दाखवतो हे कसे कळेल?

बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल एवढेच पाणी घालावे आणि ते झाकण व मापक एका हवाबंद डब्यात सात-आठ तास ठेवावेत. डब्यातील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ६८ दाखवत असेल तर तो सात टक्के कमी दाखवतो, हे लिहून ठेवावे. दुसरी पद्धत ओल्या फडक्याच्या तापमापकाची आहे: साध्या तापमापकाच्या टोकावर ओली वात गुंडाळली आणि कोरडा तापमापक ३७.५ दाखवत असताना ओला सुमारे ३१.७ दाखवू लागला, तर आर्द्रता ६५ टक्के आहे; ३२.६ दाखवत असेल तर ७० टक्के.

ओलावा टिकावा म्हणून हवेची भोके बंद केली तर चालतील का?

चालणार नाही. शेवटच्या दिवसांत पिल्लाची प्राणवायूची गरज सर्वांत जास्त असते आणि कर्बवायूही तेच सर्वांत जास्त सोडते. ओलावा कमी पडत असेल तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा.

या दिवसांत अंड्याच्या आत नेमके काय घडते?

अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी पिल्लाचे डोके उजव्या पंखाखाली जाते आणि चोच हवेच्या कप्प्याकडे रोखली जाते. तोपर्यंत त्याचा श्वास कवचाला लागून पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून चालतो. पिल्लू मोठे होत गेल्याने हा पुरवठा अपुरा पडू लागतो, रक्तातील कर्बवायू वाढतो आणि त्यामुळे मानेचा एक खास स्नायू झटके देऊ लागतो. त्या झटक्यांनी चोच हवेच्या कप्प्याचा पडदा फाडते आणि पिल्लू फुप्फुसांनी पहिला श्वास घेते. बाहेरून यातले काहीच दिसत नाही, पण अंडे कानाशी धरले तर बारीक टकटक आणि कधी चिवचिव ऐकू येते. अर्थात यासाठी झाकण उघडू नये. शांत खोलीत यंत्राबाहेरूनही आवाज कळतो.

त्यानंतर साधारण दिवसभरात कप्प्यातील हवाही अपुरी पडते, आणि पिल्लू चोचीच्या टोकावरील कठीण उंचवट्याने कवचाला पहिला टवका पाडते. या उंचवट्याला अंड्याचा दात म्हणतात. बाहेर आल्यावर काही दिवसांत तो गळून पडतो. टवका पडल्यानंतर पिल्लू बराच वेळ थांबते, आणि हा थांबा फुकट जात नाही. या वेळात कवचाच्या रक्तवाहिन्यांतील रक्त शरीरात ओढले जाते आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात घेण्याचे काम पूर्ण होते. ते झाले की पिल्लू कवचात गोल फिरत रुंद टोकाची टोपी कापत जाते. रुंद टोकाकडून पाहिल्यास ही चीर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पुढे सरकते. ती सुरू झाल्यावर काम अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत संपते.

टवका पडून दहा तास झाले, पिल्लू पुढे सरकत नाही. काही चुकले का?

बहुधा काहीही चुकलेले नाही. टवका पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत १२ ते १८ तास लागणे नेहमीचे आहे आणि २४ तासांपर्यंत वाट पाहण्यास हरकत नाही. टवक्यातून चोच हलताना दिसत असेल, अधूनमधून आवाज येत असेल, तर आपण झोपायला जावे.

एखादे पिल्लू बाहेर आले, ते काढण्यासाठी झाकण उघडले तर काय होते?

छोट्या यंत्राचे झाकण उघडताच आतली दमट हवा क्षणात निघून जाते. तापमान काही मिनिटांत पूर्ववत होते, पण ओलावा सावरायला त्याहून बराच वेळ लागतो. त्या वेळात टवका पडलेल्या इतर अंड्यांतील पडदे वाळतात. बाहेर आलेले पिल्लू उपाशी नसते, कारण पोटातील बलक त्याला दोन ते तीन दिवस पुरतो. याच कारणाने हॅचऱ्या (मोठी उबवणी केंद्रे) एक दिवसाची पिल्ले दूरच्या गावांना पाठवू शकतात. आधी निघालेली पिल्ले इतर अंड्यांवरून चालतात, ती गडगडवतात, हे पाहून मालकाचा जीव कासावीस होतो खरा, पण त्याने अंड्यांचे नुकसान होत नाही. दिवसातून दोन वेळा, सकाळी आणि संध्याकाळी, कोरडी झालेली सगळी पिल्ले एकदम आणि झटपट काढावीत, एवढे पुरेसे आहे. त्यातही एखादे अंडे ऐन चीर पाडत असेल, तर तेवढे होईपर्यंत थांबावे.

अडकलेल्या पिल्लाला कवच फोडून मदत करावी का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि याचे प्रामाणिक उत्तर ‘सहसा नाही’ असे आहे. घाईने केलेल्या मदतीत मरणारी पिल्ले मी जास्त पाहिली आहेत. टवका पडल्यानंतर पहिल्या काही तासांत पडद्यातील वाहिन्यांत रक्त खेळत असते आणि बलक पोटात जायचा असतो. अशा वेळी कवच सोलले तर पिल्लू रक्तस्रावाने मरते किंवा बलक बाहेर लोंबत असलेल्या अवस्थेत जन्माला येते.

तरीही दोन परिस्थितींत हात घालण्याला अर्थ आहे. पहिली, टवका पडून २४ तास उलटले आहेत आणि प्रगती शून्य आहे. दुसरी, चीर निम्म्याहून अधिक पडली होती, पण मध्येच झाकण उघडले गेले किंवा पाणी आटले आणि पडदा पांढरा किंवा पिवळट, कागदासारखा वाळला आहे. अशा वेळी हात धुऊन, खोलीचा पंखा बंद करून, कोमट ओल्या कापडावर अंडे घ्यावे. कापसाच्या बोळ्याने पडद्याचा दिसणारा भाग कोमट पाण्याने ओला करावा. पाणी चोचीकडे ओघळू देऊ नये. ओल्या पडद्याखाली लाल वाहिन्या दिसल्या तर तिथेच थांबून अंडे परत ठेवावे आणि चार-पाच तासांनी पाहावे. वाहिन्या दिसत नसतील, तर चिमट्याने फक्त हवेच्या कप्प्यावरील कवच चिरेच्या रेषेत थोडेथोडे काढावे, चोच मोकळी करावी आणि खालचा अर्धा भाग तसाच सोडावा. शेवटचा धक्का पिल्लानेच द्यायचा असतो. रक्ताचा एक ठिपका दिसला तरी काम थांबवावे.

टवका निमुळत्या टोकाकडे पडला असेल, तर पिल्लू उलटे आहे. त्यातली काही स्वतःहून निघतात, पण अशा अंड्यावर अधिक लक्ष ठेवावे.

पिल्ले निघत असतानाच वीज गेली तर?

शेवटच्या दिवसांतील अंडी स्वतः ऊब धरतात, त्यामुळे दोन-तीन तासांच्या भारनियमनाने सहसा नुकसान होत नाही. झाकण अजिबात उघडू नये. यंत्रावर गोधडी घालावी, पण हवेची भोके झाकू नयेत. वीज अधिक काळ येणार नसेल, तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून यंत्राच्या बाहेरून, गोधडीच्या आत ठेवाव्यात आणि तापमापक पाहत राहावे. पन्नास अंड्यांचे यंत्र फार वीज खात नाही, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर ते रात्रभर चालू शकते. मात्र याची चाचणी अठराव्या दिवसाआधी घ्यावी.

उन्हाळ्यात हा सल्ला नेमका उलटा होतो. खोलीच ३८-४० अंशांवर असेल, तर पंखा बंद पडताच यंत्रातील उष्णता कोंडते. तेव्हा गोधडी न घालता सर्व भोके पूर्ण उघडावीत आणि यंत्र घरातील सर्वांत गार खोलीत, जमिनीवर ठेवावे. मुळात या यंत्रांना तापवता येते, थंड करता येत नाही. अकोला, नागपूर, चंद्रपूर भागात मे महिन्याच्या उत्तरार्धात पिल्ले निघतील अशा बेताने अंडी ठेवूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकाच यंत्रात वेगवेगळ्या तारखांची अंडी ठेवली आहेत. आता काय करायचे?

पशुसंवर्धन विभागाच्या पुणे, कोल्हापूर, नागपूर यांसारख्या ठिकाणच्या अंडी उबवणी केंद्रांत आणि खासगी हॅचऱ्यांत सेटर (पहिल्या अठरा दिवसांचे) आणि हॅचर (शेवटच्या तीन दिवसांचे) ही यंत्रे वेगळी असतात, ती याच कारणाने. एका तुकडीला ५० टक्के ओलावा हवा आणि दुसरीला ७०. शिवाय पिल्ले निघताना उडणारा बारीक फर आणि घाण कोवळ्या अंड्यांवर बसते. दुसरे लहान यंत्र, अगदी थर्मोकोलच्या पेटीचे, फक्त शेवटच्या तीन दिवसांसाठी वापरावे. ते शक्य नसेल तर खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीचा आधार घ्यावा.

विसाव्या दिवशीच पिल्ले निघाली, किंवा बाविसावा उजाडला तरी निघाली नाहीत. याचा अर्थ काय?

सगळी तुकडी दिवसभर आधी निघाली, तर तापमान जास्त होते. दिवसभर उशिरा निघाली, तर कमी होते. लहान देशी अंडी थोडी लवकर निघतात. ठेवण्यापूर्वी आठवड्याहून अधिक साठवलेली अंडी उशीर करतात, साठवणुकीच्या प्रत्येक जादा दिवसामागे साधारण एक तास. तेविसाव्या दिवसाच्या शेवटपर्यंत यंत्र चालू ठेवावे, त्यानंतर वाट पाहण्यात अर्थ नाही.

अंडी कोमट पाण्यात सोडून जिवंत-मेलेली ओळखण्याची जुनी रीत योग्य आहे का?

जिवंत अंडे पाण्यावर हलते हे खरे आहे, पण बारीक टवका नजरेतून सुटला तर पिल्लू बुडते, आणि ओल्या कवचाच्या छिद्रांतून जंतू आत जातात. टॉर्चने तेच कळते. पाण्याची रीत सोडून द्यावी.

खुडूक कोंबडीखाली अंडी असतील तर शेवटच्या दिवसांत काय करावे?

शक्य तितके कमी. रवणीवर बसलेली कोंबडी शेवटचे दोन-तीन दिवस जवळजवळ उठत नाही, म्हणून दाणा आणि पाणी तिच्या चोचीच्या टप्प्यात ठेवावे. पाटी जमिनीपासून उंच असेल तर ती अठराव्या दिवसाआधी, रात्रीच्या वेळी खाली आणून ठेवावी, म्हणजे निघालेली पिल्ले पडत नाहीत. इतर कोंबड्यांना, मांजराला आणि मुंगसाला तिथे वाव नसावा. मुंग्यांकडे विशेष लक्ष द्यावे: टवका पडलेल्या अंड्याच्या वासाने लाल मुंग्या येतात आणि पिल्लू आतच मारतात. पाटीच्या तळाशी राख पसरणे हा साधा उपाय आहे. पाटीत ऊवा झाल्या असतील, तर कोंबडी ऐन विसाव्या दिवशी उठून जाऊ शकते. हा बंदोबस्त मात्र ती बसण्यापूर्वीच करायचा असतो.

यंत्रात निघालेली पिल्ले तिच्याकडे द्यायची असतील, तर ती अंधार पडल्यावर, एकेक करून, पोटाखाली सरकवावीत.

विजांच्या कडकडाटाने अंडी बाद होतात का? पाटीत कोळसा किंवा लोखंड ठेवावे का?

कोळशाने किंवा खिळ्याने अंड्यांवर काही परिणाम होत नाही, ठेवल्याने नुकसानही नाही. गडगडाटी पावसाच्या काळात अंडी खराब होतात ती वीजपुरवठा खंडित झाल्याने, दमट हवेने किंवा कोंबडी बिथरून उठल्याने. पाटी पावसाच्या झडीपासून दूर ठेवणे खिळ्यापेक्षा अधिक उपयोगी.

पिल्ले ब्रूडरमध्ये (ऊब देणाऱ्या पेटीत) कधी हलवावीत आणि आधी काय द्यावे?

अंग कोरडे होऊन पिसे फुलली की हलवावीत. ब्रूडर आदल्या दिवशीच तापवून ठेवावा; पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश, नंतर दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. पिल्ले बल्बखाली ढीग करून बसली तर ऊब कमी आहे, भिंतीकडे पळून धापा टाकत असतील तर जास्त आहे. आधी पाणी द्यावे. आपल्याकडे गुळाचे सौम्य पाणी देण्याची पद्धत आहे आणि पहिल्या दिवशी ती चांगलीच आहे, पण ते लवकर आंबते, म्हणून चार-पाच तासांनी बदलावे. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवावी. दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा किंवा चिक स्टार्टर (पिल्लांचे तयार खाद्य) द्यावे. भाताच्या तुसावर पहिले दोन दिवस कागदाऐवजी कापड अंथरावे. राणीखेत म्हणजेच मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. तिची चौकशी पशुवैद्यकीय दवाखान्यात अंडी यंत्रात असतानाच करून ठेवावी.

बेंबी उघडी असलेली किंवा पाय फाकलेली पिल्ले वाचतात का?

बेंबीला वाळलेला धागा असेल तर तो ओढू नये, आपोआप गळतो. बेंबी ओली असेल तर पोव्हिडोन आयोडीन लावून पिल्लू स्वच्छ कापडावर वेगळे ठेवावे. पोट फुगलेले, मऊ आणि दुर्गंधीयुक्त असेल तर तो संसर्ग असतो, आणि असे पिल्लू सहसा वाचत नाही. पाय फाकले असतील तर दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर राहतील अशी मऊ चिकटपट्टी आठच्या आकाराच्या फाशासारखी बांधावी. पहिल्याच दिवशी बांधली तर दोन-चार दिवसांत पिल्लू नीट चालते.

न फुटलेली अंडी फोडून पाहावीत का?

जरूर पाहावीत, मोकळ्या जागेत आणि तोंडाला रुमाल बांधून. पुढच्या खेपेला काय बदलायचे हे त्यातूनच कळते. बहुतेक अंडी फळलेलीच नसतील, तर दोष यंत्राचा नाही. कोंबडे कमी आहेत, म्हातारे आहेत किंवा अंडी जुनी होती. पहिल्या आठवड्यातच गर्भ मेले असतील, तर साठवण, वाहतुकीतील हादरे किंवा सुरुवातीचे तापमान तपासावे. पूर्ण वाढलेले पिल्लू टवका न पाडता मेलेले असेल आणि भोवती पाणी व चिकट द्रव असेल, तर अठरा दिवस ओलावा जास्त होता. पिल्लू लहान, कोरडे आणि पडद्यात आवळलेले असेल, तर ओलावा कमी होता किंवा शेवटी झाकण उघडले गेले. टवका पाडून मेलेल्या पिल्लांची संख्या मोठी असेल, तर हवेची भोके, तापमान आणि शेवटचा ओलावा, या क्रमाने शंका घ्यावी. डोके निमुळत्या टोकाकडे असलेली पिल्ले अधिक असतील, तर अंडी निमुळते टोक वर करून ठेवली गेली होती का, हे आठवून पाहावे.

निष्कर्ष तारखेसह वहीत लिहावेत. तिसऱ्या-चौथ्या तुकडीनंतर त्या वहीइतका उपयोगी सल्लागार मिळत नाही. तपासलेली अंडी चुना टाकून खोल पुरावीत, कुत्र्यांना घालू नयेत.

पुढची तुकडी लगेच ठेवता येईल का?

आधी यंत्र धुतले पाहिजे. फर आणि टरफले कोरडी असतानाच हवेत उडू न देता ओल्या फडक्याने गोळा करावीत, नंतर साबणाच्या पाण्याने सर्व भाग धुवावेत, आणि शेवटी घरगुती ब्लीचच्या सौम्य द्रावणाने पुसून उन्हात पूर्ण वाळवावेत. वीजजोडणी आणि पंख्याची मोटर ओली करू नये. पंख्याच्या पात्यांवरील फर जुन्या दातघासणीच्या ब्रशने काढावा. मोठ्या हॅचऱ्यांत होणारी फॉर्मॅलिन आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी घरात कधीही देऊ नये, तो वायू विषारी असतो. यंत्र वाळल्यावर ते रिकामेच एक पूर्ण दिवस चालवावे, तापमान आणि आर्द्रता स्थिर झाल्याचे पाहावे, आणि मग नवी अंडी ठेवावीत.